आत्ता तान दे

॥ श्री ॥

कोल्हापूर,
दि. १२ फेब्रुवारी २०२५

ति. धोंडुआक्कास,
धाकट्या आकारामचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. हरभरा निघाला, गुडघा धरलाय आणि तुझ्या लेकानं, विश्वजितनं आणलेलं कानाचं यंत्र अजून कपाटात रुमालात गुंडाळलेलंच आहे, हे तिन्ही कळलं. पहिल्याचा आनंद झाला. दुसऱ्यावर निर्गुडीचा शेक दे. तिसऱ्यावर मी काय बोलू? बोललो तरी तुला ऐकू येणार नाही. परवा फोनवर बोंबलून विचारलं, गुडघा कसा आहे, तर तू म्हणालीस, पाच किलो. त्यापेक्षा हे पत्र बरं. शिवाय पत्र पेटीत टाकायचं काम आमच्या नातीचं, निशिगंधाचं. ती ते टाकते, पेटीला कान लावून आत पडल्याचा आवाज ऐकते, आणि मगच जागची हलते.

दुकान बरं चाललंय. मलकापूर सोडून पंधराव्या वर्षी इथं मोटार वायंडिंगच्या दुकानात झाडू मारायला लागलो, तेव्हा मिस्त्री हातात पाना देत नव्हते. म्हणून जे शिकलो ते कानानं. अजूनही मोटार चालू करून दिली की पाठ करून उभा राहतो आणि सांगतो, बेअरिंग गेलंय का रोटर घासतोय. पण घरात एक गोष्ट अशी चाललीय की तिचा आवाज मला लागत नाही.

गेल्या नवरात्रात सूनबाईनं, प्रियदर्शनीनं, नऊ दिवस पायात चप्पल घातली नाही. तिचं बघून निशिगंधानंही काढली. दसऱ्याला सूनबाईनं घातली, पोरीनं घातली नाही. आज चार महिने झाले, ती अनवाणी आहे. चौदा वर्षांची पोर, अंगानं थोराड, हट्ट केला तर उचलता येत नाही. नवे सँडल आणले, चॉकलेटचं आमिष दाखवलं, दोन दिवस मीही अनवाणी फिरून बघितलं. विचारलं की एकच सांगते, "आईला सांगितलंय." आई म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाच्या देवळातली रेणुका. स्वतःच्या आईला ती मम्मी म्हणते.

माझ्या मते हा नवस आहे. सम्राटच्या मते हट्ट आहे. आमचे चिरंजीव बँकेत असतात, त्यांना कागद लागतो. म्हणतो, बाबा, तिला दहापर्यंत मोजता येत नाही, तिला देवाचं काय कळतंय? गल्लीतले तर हसतातच. मतिमंद पोरीचा कसला नवस आलाय, म्हणतात. गावाचं नाव तोल्हापूर सांगणारी पोर देवीशी काय बोलणार?

खरी अडचण शाळेची. तिच्या विशेष मुलांच्या शाळेत एक एप्रिलपासून मोठ्या मुलींना कार्यशाळेत घेणार, कागदी पाकिटं आणि पिशव्या करायला. दोन वर्षं ती ह्याची वाट बघतेय. तिथं कात्र्या, कटर, मशीन. अनवाणी पोरीला आत घेणार नाहीत. तिच्या भैरवीबाई मायेच्या आहेत, पण म्हणाल्या, ह्यात माझं चालणार नाही.

दर शुक्रवारी मी तिला देवळात नेतो. गंमत म्हणजे तिथं तिला हमखास तहान लागते. हात जोडले की "आत्ता तान, आत्ता तान" सुरू. मी पाण्याची बाटली पुढं करतो, तर ती ढकलून देते.

पण मीही ठरवलंय. जबरदस्तीनं चप्पल घालू देणार नाही, आणि तिची कार्यशाळाही हुकू देणार नाही. हातोडा मारून मोटार चालू करणारे मिस्त्री मी पुष्कळ बघितले. दोन दिवसांनी तीच मोटार माझ्याकडं यायची.

लोभ आहे तसा राहू दे, वाढला तर तक्रार नाही.

तुझा,
आकाराम


॥ श्री रेणुका प्रसन्न ॥

मलकापूर,
दि. २१ फेब्रुवारी २०२५

चि. आकारामास,
आक्काचे अनेक उ. आ. वि. वि.

पाच किलोचं खरं आहे. मला मूगडाळ ऐकू आलं. गुडघा बरा आहे.

यंत्राचं परत काढू नकोस. मागं सुनेच्या भावाच्या लग्नात लावलं होतं. बँड सुरू झाला आणि भांड्यांच्या कपाटात डोकं अडकल्यागत झालं. तेव्हापासून ते रुमालात आहे आणि मी सुखात आहे.

आता निशीचं. तू दोन पानं लिहिलीस, त्यात दुकान आहे, सम्राट आहे, गल्ली आहे, तुझे कान तर आहेतच. पोरीचं बोलणं मात्र दीड ओळ. मी अठ्ठावीस वर्षं अंगणवाडी चालवली. पोर बोलायला लागलं की मोठी माणसं अर्थ आधी ठरवतात आणि मग ऐकतात. तू मोटारीचं जेवढं ऐकतोस तेवढं तिचं ऐक. येत्या शुक्रवारी पाण्याची बाटली घरी ठेव. मागं उभा राहा, मध्ये बोलू नको. ती काय बोलते ते अक्षर न् अक्षर लिहून पाठव. हात कुठं नेते, बघते कुणाकडं, तेही. अर्थ लावू नकोस.

सम्राटला माझा निरोप दे. तिला देवाचं काय कळतं हे विचारायच्या आधी, त्याला स्वतःला काय कळतं ते त्यानं एका कागदावर लिहून सही करून द्यावं. बँकेत तसंच चालतं ना? मी सत्तर वर्षं हात जोडतेय, मला लिहून देता येणार नाही.

प्रियदर्शनीला सांग, आंब्याच्या फोडी वाळवताना मीठ हात राखून घाल. मागच्या खेपेला समुद्र पाठवला होतास म्हणावं.

सर्वांस आशीर्वाद. माया कमी पडली असं वाटलं तर कळव, पुढच्या पत्रात जास्त घालीन.

तुझी,
आक्का


॥ श्री ॥

कोल्हापूर,
दि. ३ मार्च २०२५

ति. आक्कास,
आकारामचा शि. सा. न. वि. वि.

बातमी चांगली नाही, म्हणून आधी तीच लिहितो. गेल्या मंगळवारी निशी दुकानात आली होती. तांब्याच्या तारेचा तुकडा तिच्या डाव्या तळव्यात गेला. माझ्या दुकानातला, माझ्या हातनं तुटलेला तुकडा. तिनं सांगितलं नाही, लंगडायला लागली तेव्हा कळलं. डॉक्टरांनी तो काढला, पट्टी बांधली, आणि आता पायात काहीतरी घातलंच पाहिजे असं बजावलं.

सम्राटनं त्याच संध्याकाळी नाडीचे बूट आणून तिच्या पायात चढवले आणि दुहेरी गाठ मारली. ती ओरडली नाही. कोपऱ्यात बसली आणि नखांनी गाठ सोडवत राहिली. दीड दिवस जेवली नाही. बोटांची कातडी सोलली तेव्हा प्रियदर्शनीनं कात्री आणून नाड्या कापल्या आणि बूट माळ्यावर फेकले. मग सम्राट म्हणाला, हे सगळं त्या देवळानं झालंय, देऊळ बंद. मी म्हटलं, शुक्रवार चुकणार नाही, हवं तर मला घराबाहेर काढ. पोराला वाईट म्हणू नकोस आक्का. तिची पट्टी तोच बदलतो, आणि बदलताना फुंकर घालत राहतो. शेवटी असं ठरलं की पाडव्यापर्यंत माझं चालेल. पाडव्यानंतर त्याचं. डॉक्टरांकडून गोळी आणून गुंगीत चप्पल घालायची, असं त्याच्या डोक्यात आहे. ती गोळी ह्या घरात येणार नाही, हे माझ्या डोक्यात आहे.

भैरवीबाई घरी येऊन गेल्या. सम्राटनं त्यांनाही तेच विचारलं, ह्या मुलांना देव कळतो का. त्या म्हणाल्या, वर्गात एक मुलगा आहे, रोज अर्धं बिस्कीट गणपतीपुढं ठेवतो आणि बसून राहतो. मुंगी आली की खूश होऊन उठतो, गणपतीनं कुणालातरी पाठवलं म्हणतो. मग बाई म्हणाल्या, "पंधरा वर्षं शिकवतेय. ह्यांना अक्षर शिकवावं लागतं, नाडी बांधायला शिकवावी लागते. देव अजून कुणाला शिकवावा लागला नाही."

आता तुझा हुकूम. शुक्रवारी बाटली नेली नाही. मागं उभा राहिलो. जसं झालं तसं लिहितो.

ती उंबऱ्याशी थांबली. घंटा वाजवली नाही. उजवा पाय उचलून तळवा देवीला दाखवला, मग पट्टीवाला डावा. मग म्हणाली: आई. आत्ता. तान. दे. शब्द एकेक करून, मध्ये थांबून. मग दोन्ही हातांनी स्वतःचे दोन्ही कान धरले, आपण चूक झाली म्हणून देवापुढं धरतो तसे. पुन्हा म्हणाली: आत्ता. तान. दे. असं तीनदा. पाण्याकडं बघितलंसुद्धा नाही.

अर्थ लावू नको म्हणालीस, तरी राहवत नाही. तहान दे असं देवीला कोण मागतं? आणि ह्या लेकरानं अशी कसली चूक केलीय?

तुझ्या उत्तराकडं डोळे लागलेत. माया नेहमीचीच पाठव, पण लवकर पाठव.

तुझा,
आकाराम


॥ श्री रेणुका प्रसन्न ॥

मलकापूर,
दि. १९ मार्च २०२५

चि. आकारामास,
अनेक उ. आ. वि. वि.

तुझं पत्र सात वेळा वाचलं. दुसऱ्या वेळेलाच कळलं होतं. तरी बारा दिवस उत्तर लिहिलं नाही, त्याबद्दल मोठी असूनही तुझी माफी मागते.

गल्लीतले लोक तोल्हापूर म्हणून हसतात, असं तूच लिहिलंस. तिच्या जिभेवर क येत नाही, त येतो. आता देवळातले तिचे शब्द तसे परत वाच. तहान नाही ती. कान. आणि आत्ता म्हणजे मी.

मागच्या गणपतीत तुमच्याकडं तीन दिवस होते. ती घरभर "आत्ता, आत्ता" करत फिरायची आणि प्रियदर्शनी तिला म्हणायची, आत्ता न्हाय, मग. मला ते ऐकू येत नव्हतं, प्रियदर्शनीनंच मागनं सांगितलं, पण माझा पदर ओढला की मी समजायची. माझी हनुवटी धरून माझ्याशी काहीबाही बोलायची. मी सगळ्यांना करते तेच तिलाही केलं. मान हलवली, व्हय व्हय म्हटलं. तिसऱ्या दिवशी ती बोलता बोलता थांबली आणि माझ्या तोंडावर तळहात ठेवला. बंद कर म्हणाल्यागत. तुम्ही सगळी शहाणी माणसं माझं व्हय व्हय चालवून घेता. तिला ते चाललं नाही.

पुढं पंधरा-वीस दिवसांत नवरात्र आलं. तिथनं पोरीनं माझ्या कानांसाठी पाय उघडे ठेवलेत. ती कुणाची माफी मागत नव्हती रे. आईला दाखवत होती, काय हवंय ते.

बारा दिवस का लिहिलं नाही, तर लिहिलं की रुमाल सोडावा लागणार. आणि मला भीती वाटते. बँडची नाही. डॉक्टर म्हणाले होते, यंत्रानं आलं तर थोडं येईल. नाहीच आलं तर? माझे कान गेले तर म्हातारीचे गेले. पण तिची देवळातली आई तिच्यापुढं खोटी पडेल, ते मी कशानं भरून देणार? आणि समजा आलं, तर ते यंत्रानं आलं. नवस फिटला म्हणून पोरीला सांगायचं, ही फसवणूक नव्हे काय? तू धंद्यातला माणूस, तूच सांग.

इथं सर्व ठीक. आशीर्वाद देताना हात जड झालाय, समजून घे.

तुझी,
आक्का


॥ श्री ॥

कोल्हापूर,
दि. २२ मार्च २०२५

ति. आक्कास,
आकारामचा शि. सा. न. वि. वि.

टपालाला वेळ नाही, म्हणून हे पत्र मलकापूरच्या एसटीच्या कंडक्टरबरोबर देतोय.

तुझं पत्र वाचून शटर अर्धं ओढलं आणि आत बसून राहिलो. गिऱ्हाईक वाकून विचारायला लागलं, मिस्त्री, काय जळालं? म्हटलं, माझा कान. पाठ करून मोटार ओळखणारा मी, आणि घरातलं लेकरू पाच महिने कान मागतंय तर त्याला पाणी पाजतोय. आणि ते ओळखलं कुणी, तर जिला ढोल ऐकू येत नाही तिनं, कागदावरून.

घरी जेवताना पत्र मोठ्यानं वाचलं. प्रियदर्शनी उठून आत गेली. सम्राटनं हातातला घास खाली ठेवला, पोरीजवळ जाऊन बसला, स्वतःच्या कानाला हात लावला आणि विचारलं, आक्का? कान? तिनं त्याच्याकडं असं बघितलं, की जणू वर्गातला सगळ्यात ढ मुलगा एकदाचा पास झाला. म्हणाली, "व्हय." आणि परत भाकरी खायला लागली. सम्राट आता गोळीचं नाव काढत नाही.

फसवणुकीचं विचारतेस. मला विषमज्वर झाला तेव्हा आपल्या आईनं नवस बोलला होता. औषध दवाखान्यातलं होतं. म्हणून आईनं नारळ फोडायचा ठेवला का? देवी काय खाली उतरून मोटारीत तार भरत नाही. माझ्याकडनं भरून घेते. मी जळकी तार भरली तर ती फसवणूक. तेव्हा अट एकच. ऐकू आलं तर आलं म्हण, नाही आलं तर नाही म्हण. तिच्यापुढं आता खोटं व्हय चालणार नाही. तिची देवी खोटी पडते का खरी ठरते, ते ती आणि देवी बघून घेतील. तू आणि मी मध्ये पडायचं नाही.

आता कामाचं. विश्वजितला घेऊन त्या उन्मेषकडं जा, ज्यानं यंत्र दिलं. कानाच्या मापाचं नीट बसवून घे. रोज तासभर लाव, बंद खोलीत. आधी घड्याळ ऐक, मग एका माणसाचा आवाज. कुकरजवळ जाऊ नको. नवं बेअरिंगसुद्धा आधी रिकामं फिरवतात. पाडवा रविवारी आहे, तू शनिवारच्या गाडीनं ये. स्टँडवर मी असेन.

नाही म्हणू नकोस. मी न्यायला येईन आणि तुझ्या अंगणात बसून राहीन. माझा हट्ट तुझ्या ओळखीचा आहे.

पायावर डोकं ठेवून,
आकाराम


॥ श्री रेणुका प्रसन्न ॥

मलकापूर,
दि. ७ एप्रिल २०२५

चि. आकारामास,
अनेक उ. आ. वि. वि.

सुखरूप पोचले. यंत्र कानात आहे. सुनेच्या बांगड्या, कोंबड्या, माझ्याच चपला, सगळं ऐकतेय. इतकी वर्षं मी एवढी फटाफट पाय आपटत चालत होते हे कुणी सांगितलं नाही.

पाडव्याला मी तुला आणि सम्राटला देवळाबाहेर थांबवलं, त्याचा तुला राग आला. मला नापास व्हायचं असेल तर चारचौघांत व्हायचं नव्हतं. आत काय झालं ते तेव्हा पुरतं सांगितलं नाही, ते आता लिहिते.

आत आम्ही दोघी आणि गणपतराव गुरव. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण यंत्र बघून त्यांनी घंटेचा लोलक हातात धरून ठेवला, कुणी वाजवू नये म्हणून. निशी आधी माझ्या डाव्या बाजूला आली आणि कानाशी बोलली. मला वारा लागला, शब्द नाही. मान हलायला निघाली होती, ती मी धरली. "न्हाय आलं," म्हटलं. वाटलं, आता रडेल. ती रडली नाही. मला वळसा घालून उजवीकडं आली आणि परत बोलली. ते आलं.

"आक्का, जेवलीस का?"

एवढंच. गणपतीपासून हेच विचारत होती का दुसरं काही, देवी जाणे. मी म्हटलं, न्हाय, तुझ्याबरोबर जेवणार. तिनं ते ऐकून देवीकडं बघितलं, आपण काम झाल्यावर माणसाकडं बघतो तसं.

एक गंमत सांगते. उन्मेष म्हणाला, त आणि क ही बारीक अक्षरं, ह्या यंत्रातूनही मला त्यांतला फरक कळायचा नाही. खरंच कळत नाही. तुम्ही सगळे म्हणता तिचं बोलणं चुकतं. चुकत असेल. माझ्या कानाला ती तुझ्यासारखंच स्वच्छ बोलते.

मग ती पायरीवर बसली. प्रियदर्शनीनं दिलेल्या पिशवीतून तिनं सँडल काढले, उजवा घातला आणि डावा परत पिशवीत ठेवला. तशीच बाहेर आली. तू हसलास, सम्राट हिरमुसला, आणि नेमका जखमेचाच पाय उघडा राहिला म्हणून प्रियदर्शनीनं कपाळाला हात लावला. कार्यशाळेत एक पाय आत, एक पाय बाहेर असं चालत नाही, असा भैरवीबाईंचा निरोप आल्याचं तू परवा कळवलंस. सगळे म्हणताय, हिच्या मनात काय आहे कळत नाही.

मला कळलं होतं. तिथंच सांगायला हवं होतं, जीभ रेटली नाही. माझा डावा कान पार गेलेला आहे, आकाराम. तीन वर्षं झाली. डॉक्टरांनी सांगितलंय, तो परत यायचा नाही. विश्वजितलाही सांगितलं नव्हतं. दोन्ही थोडे थोडे कमी, असंच सांगत आले. पोरीनं एका वळशात ओळखलं. एक कान आला, एक पाय झाकला. तिचं काय चुकलं?

आता मी ठरवलंय ते ऐक. डावा कान येईल असं मी तिला खोटं सांगणार नाही. पण कान माझा आहे. तो कुणाला वाहायचा हे मला ठरवता येतं. माझं एक जुनं जोडवं विश्वजितबरोबर पाठवतेय. लोक देवीला चांदीचे डोळे वाहतात, पाय वाहतात. गुजरीत सराफाकडं जाऊन ते आटवून एक कान करून घे. डावा. तिला सांग, आक्काचा डावा कान आक्कानं आईला दिलाय. तिथं बोललेलं मला इथं ऐकू येईल का, हे मला माहीत नाही. माहीत आहे असं तिला सांगू नकोस. तिला पटलं तर पटलं. नाही पटलं तर एका सँडलवर आपण दुसरं काहीतरी बघू. पण बळ करायचं नाही.

विश्वजितला मी सगळं सांगितलं. तो दिवसभर बोलला नाही. बोलला असता तर ऐकू आलं असतं, हेही त्याला सांगितलं.

सर्वांना आशीर्वाद. ह्या वेळी दोन्ही हातांनी.

तुझी,
आक्का


॥ श्री ॥

कोल्हापूर,
दि. २९ एप्रिल २०२५

ति. आक्कास,
आकारामचा शि. सा. न. वि. वि.

गुजरीत तुझं जोडवं दिलं. सराफानं कान केला तो उजवा. मी परत केला. तो म्हणाला, देवीला काय डावं-उजवं? म्हटलं, देवीचं मला माहीत नाही, आमच्या पोरीला आहे. त्याला आठ दिवस जास्त लागले.

शुक्रवारी सम्राटनं बँकेत रजा टाकली. निशीच्या हातावर कान ठेवला. तिनं तो स्वतःच्या डाव्या कानाला लावून बघितला, उजव्याला लावून बघितला, आणि डाव्याचा आहे अशी खात्री करून घेतली. मग मी तुझं पत्र समोर धरून तुझेच शब्द सांगितले. काही घातलं नाही, काही गाळलं नाही. ऐकू येईल का माहीत नाही, हेही सांगितलं.

ती विचार करत बसली. आक्का, तिला विचार करताना मी इतका वेळ कधी बघितलं नव्हतं. कदाचित थांबलोच नव्हतो. मला राहवेना, मध्ये बोलायला तोंड उघडलं, तर सम्राटनं माझा हात दाबला. ज्यानं दुहेरी गाठ मारली होती त्यानं. शेवटी ती उठली आणि म्हणाली, "चल."

देवळात जाऊन तिनं कान वाहिला. पायरीवर बसून तिनं डावा सँडल पायात घातला, पट्टा स्वतः लावला. उजवा महिनाभर वापरून मळलाय, डावा कोरा आहे. प्रियदर्शनी म्हणाली, नवा जोड घेऊ. निशी नको म्हणाली. जखम भरलीय, काळजी नसावी.

कालपासून ती कार्यशाळेत बसते. भैरवीबाईंनी दोन्ही पाय बघितले आणि काही न विचारता तिला खुर्ची दिली. हे पत्र ज्या पाकिटात आलंय ते तिचं आहे. एक बाजू जरा तिरकी चिकटलीय, उघडताना जपून.

आणि एक. कान ताटात ठेवल्यावर गणपतरावांनी ताटाला हात घातला, तेव्हा तिनं त्यांना थांबवलं. कान परत उचलला, तोंडाजवळ नेला आणि त्यात काहीतरी बोलली. बरंच बोलली. मी दोन पावलांवर होतो. माझे कान तुला माहीत आहेत, मला सगळं ऐकू आलं असतं. मी मागं फिरलो आणि रस्त्यावर जाऊन रिक्षांच्या आवाजात उभा राहिलो. बोलणं तुझ्या कानात चाललं होतं.

तुला काही पोचलं असेल तर मला कळवू नको. तिला कळव.

तुझा,
आकाराम